रामप्रसाद दिंद्रुड वारले

चुका सगळ्यांच्याच हातून होतात, पण माझी चूक मला लगेच दिसते. हे मी घरी सांगते, कामावर सांगते, आणि नव्यानं लागलेल्या पोरांना तर बसवून सांगते. तेव्हा पुढची हकीगत वाचताना हे वाक्य कृपा करून लक्षात ठेवू नका.

मी प्रोग्राम लिहिते. पोटासाठी पुण्यातल्या एका कंपनीचे, आणि उरलेल्या वेळात हौसेचे. हौसेचं काम म्हणजे एक लायब्ररी. पुस्तकांची नव्हे. फोनातली नावं आणि नंबर एका फोनातून दुसऱ्यात न्यायचे झाले की त्यांची एक फाइल होते. ती फाइल वाचायची आणि नीट परत लिहायची, एवढंच काम करणारा प्रोग्रामचा हा तयार तुकडा. आम्ही काही जण मिळून तो सांभाळतो. एकमेकांची तोंडं आम्ही पाहिलेली नाहीत, पण भांडणं मात्र घरच्यासारखी होतात.

यंदाच्या उन्हाळ्यात मी त्याची नवी आवृत्ती काढली. लोक एकच नंबर दोन-तीन नावांनी साठवतात आणि मग फोनात अडगळ होते. नव्या आवृत्तीनं ती साफ करायची, नंबर एक तर माणूस एक. सगळ्यात नवं नाव ठेवायचं आणि जुनी नोंद त्यात मिसळून टाकायची. जुन्या नावाच्या शेवटी डॉक्टर, वकील, सरपंच असा एखादा जादा शब्द असेल, तर तो मात्र नव्या नावामागं जोडायचा. उगाच कुणाचा मान जायला नको! ही मानाची कल्पना खास माझी. परदेशातल्या लोकांनी तिचं भरभरून कौतुक केलं. मी फुगले.

त्याच सुमारास दादांच्या फोनाची काच फुटली.

दादा म्हणजे माझे वडील, कचरू. जन्मभर वायरमनची नोकरी केली, निम्म्या जिल्ह्याच्या खांबांवर चढले, आणि निवृत्त झाल्यावर घाटनांदूरला घर बांधून राहिले. डिसेंबरात आई गेली. तेव्हापासून मीही घरूनच काम करते, म्हणजे दादांना सोबत. आई गेली तेव्हा ओळखीची बरीच माणसं ऊसतोडीला कारखान्यांवर गेलेली होती. तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला निम्मा मांडव रिकामा राहिला. ते दादांच्या जिवाला फार लागलं. म्हणून त्यांनी ठरवलं, सगळे परत आले की बुद्धपौर्णिमेला आईच्या नावानं खीर आणि जेवण ठेवायचं, आणि एकेकाला स्वतः फोन करून बोलवायचं. पत्रिका नाही की मेसेज नाही. "माझ्या तोंडानं सांगीन," असं ते म्हणाले होते. आई गेल्यापासून त्यांना उत्साह वाटलेली ही पहिली गोष्ट.

तेव्हा नवा फोन लागणार होता, आणि जुन्यातली नावं त्यात न्यावी लागणार होती. दुकानदार जागच्या जागी करून देत होता. मी त्याला हातानं थांबवलं. घरात खुद्द लायब्ररीवाली असताना दुकानदार कशाला?

दादांची नावं लिहायची एक रीत आहे. आडनाव ते कधी लिहीत नाहीत. नाव आणि त्याच्या मागे गाव. आणि एखादा माणूस वारला, तर त्याचं नाव न पुसता पुढं 'वारले' एवढंच लिहितात. माणूस गेला म्हणून त्याला फोनातून हाकलायचं, हे त्यांना बरं दिसत नाही. शिवाय आमच्याकडे माणूस गेला तरी त्याचं सिम घरातच राहतं. बँक, गॅस, रेशन, सगळं त्या नंबराला बांधलेलं असतं. मग ते पोरगा वापरतो, आणि दादा पोराचं नाव त्याच नंबरावर नव्यानं लिहून घेतात.

हे सगळं मला ठाऊक होतं. पण वेगवेगळं ठाऊक होतं. त्या संध्याकाळी दादांची नावं लायब्ररीच्या नव्या आवृत्तीतून काढताना ते एकत्र आठवलं नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी पांढरा सदरा घातला. चेहरा उतरलेला होता. कुठं निघालात विचारलं, तर म्हणाले, दिंद्रुडला, भेटायला. आमच्याकडे या सुरात 'भेटायला' म्हटलं की कुणीतरी गेलेलं असतं. कोण गेलं, हे मी विचारायला हवं होतं. पण माझी मीटिंग सुरू होती, आणि तिच्यात माझंच कौतुक चाललं होतं.

पुढचं मला दादांकडून आणि सुनिताकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. दिंद्रुडला दादांची बरीच नोकरी झाली. तिथं आश्रुबाच्या शेजारी ते भाड्यानं राहायचे. आश्रुबा मागंच वारला. रामप्रसाद त्याचा मुलगा, आणि सुनिता रामप्रसादची बायको. खिरीचं आमंत्रण पहिलं रामप्रसादला द्यावं म्हणून दादांनी नवा फोन उघडला, तर त्यात लिहिलेलं होतं, 'रामप्रसाद दिंद्रुड वारले'.

आता हा शब्द दादांशिवाय कुणी लिहीत नाही. म्हणजे तो आपणच लिहिला. म्हणजे बातमी आपल्याला कळली होती. पोरगं कारखान्यावर गेलं असणार, कुणीतरी आपल्याला सांगितलं असणार, आपण लिहून ठेवलं आणि विसरलो. मांडीवर खेळवलेलं पोर गेलं, आणि आपण भेटायलाही गेलो नाही! फोनवर समाचार घेणं आमच्याकडे चालत नाही. जाऊन बसावं लागतं. दादा अंबाजोगाईला एसटी बदलून, धारूरचा घाट उतरून, भर उन्हात दिंद्रुडला पोचले.

सुनिता एकटीच घरात होती. दादांना बघून तिचे डोळे भरून आले, कारण आई गेल्यावर ती पहिल्यांदाच त्यांना बघत होती. तिचे भरलेले डोळे बघून दादांचेही भरले.

दादा म्हणाले, "पोरी, म्या आधीच यायला पायजे होतं."

"आमीच यायला पायजे होतं, काका. कारखान्यावर होतो, सुटका झाली न्हाई."

मग दोघं बराच वेळ रडले. दादांनी तिची समजूत घातली की जन्मलेला प्रत्येक जण जाणारच आहे, आपण धीर धरायचा. तिनं दादांची समजूत घातली की तुम्ही जेवणखाण सोडू नका. दोघांचंही समाधान होत होतं. अशी समजूत मी दुसरीकडे कुठं ऐकली नाही. मध्येच दादांचं लक्ष तिच्या कपाळाकडे गेलं. कुंकू जागच्या जागी, मंगळसूत्र गळ्यात. दादा जुन्या विचारांचे नाहीत. त्यांचा ऊर अभिमानानं भरून आला.

"कुंकू पुसलं न्हाईस, लई बरं केलंस. असंच ऱ्हायचं. लोकाचं ऐकायचं न्हाई."

सुनिताला यातलं काही कळलं नाही. दुःखात माणूस काहीही बोलतं, असं समजून तिनं मान डोलावली आणि चहा ठेवला.

दादा बशीत चहा ओतत असताना दारातून कडब्याचा एक मोठा भारा आत आला. भारा खाली पडला, आणि त्याच्याखालून निघालेला रामप्रसाद दादांच्या पाया पडला. दादांच्या हातातली बशी तशीच राहिली. ते म्हणाले, "हाईस का?"

"हाय की. कुठं जातोय?"

दादांनी त्याला काही सांगितलं नाही, खिरीचंही नाही. रामप्रसादनं त्यांना मोटारसायकलवर स्टँडला सोडलं. काकांनी वाटभर कंबर घट्ट धरून ठेवली होती, एकदाही सोडली नाही, असं तो नंतर सांगत होता.

घरी आल्यावर दादांनी नवा फोन माझ्या हातात ठेवला. म्हणाले, "हे ठिव तुझ्यापाशी. माझ्या डोक्याचा भरवसा ऱ्हायला न्हाई." मी खोदून विचारलं तेव्हा एवढंच सांगितलं की रामप्रसाद मेला असं त्यांच्या मनात बसलं होतं, आणि तो तर जिवंत आहे. फोनात काय दिसलं ते लाजेनं सांगितलंच नाही. आणि खीर रद्द. "मी कुनाला तरी काहीतरी बोलून बसंन. तुझ्या आयच्या नावानं तमाशा नको."

मी हादरले. म्हाताऱ्या माणसाचं विसरणं कसं सुरू होतं, हे मी इंटरनेटवर वाचून काढलं आणि त्यातलं प्रत्येक लक्षण मला दादांमध्ये दिसायला लागलं. चष्मा शोधतात, दिसलं. एकच गोष्ट दोनदा सांगतात, तेही दिसलं. खरं तर ही दोन्ही लक्षणं माझ्यात जास्त आहेत. मी त्यांना भिजवलेले बदाम खाऊ घातले. सुनिताचा फोन आला, "काका लई खचलेत वो ताई," तेव्हा तर मला रडूच कोसळलं. आईपाठोपाठ दादाही असे थोडेथोडे जाणार, आणि मला ते बसून बघावं लागणार. या भीतीत मी त्यांना घेऊन अंबाजोगाईला डॉक्टरबाईंकडे गेले.

नंबर येईपर्यंत आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. पर्समधला दादांचा फोन वाजला. काढून बघितलं, तर त्यावर नाव होतं, 'बंकट तलवाडा वारले'.

दादांनीही वाकून बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. "ह्यो बी? ह्यो बी म्याच लिहिला?" असं ते स्वतःशीच म्हणाले. फोन वाजतच होता. त्यांना उचलवेना. मी उचलला.

"जयभीम ताई, बंकट बोलतोय. काका खीर ठेवनार म्हनं. कवा हाय? आमी समदे येणार हावोत."

मी 'कळवते' म्हणाले आणि फोन कानावरून काढला. मी स्क्रीनवरचा तिसरा शब्द बघत होते. बंकटचा बाप वारला, त्याचं सिम आता बंकट वापरतो. नंबर एक तर माणूस एक. नवं नाव ठेवायचं, जुन्या नावातला जादा शब्द मागं जोडायचा. उगाच मान जायला नको. दादांच्या फोनात ज्या ज्या पोराच्या हाती बापाचं सिम आलं होतं, त्या प्रत्येकाला मी ही पदवी बहाल केली होती.

तेवढ्यात आमचा नंबर पुकारला. आत जाईपर्यंत मी मनाशी वेगवेगळी वाक्यं जुळवली. फोन बिघडलाय. कंपनीची चूक आहे. असं होतं कधीकधी. पण दादा खुर्चीत बसले, हात जोडले, आणि शाळकरी पोरानं कबुली द्यावी तसं म्हणाले, "बाई, जिती मानसं मेली म्हनून लिहायलोय मी. आन् लिहिलेलं ध्यानात ऱ्हायना."

मग माझ्यानं राहवलं नाही.

"ते यांनी लिहिलेलं नाही डॉक्टर," मी म्हणाले. "मी लिहिलंय."

सगळं समजावून सांगायला बराच वेळ लागला. डॉक्टरबाईंना लायब्ररी कळली नाही, पण सिमचं लगेच कळलं, कारण त्यांच्या सासऱ्यांचा नंबर त्यांचे मिस्टर वापरत होते. दादा ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "म्हंजे माझं डोकं ठीक हाय?"

"ठीक आहे, दादा."

त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं डोळे पुसले. बराच वेळ पुसत राहिले. त्या क्षणी मला स्वतःची इतकी लाज वाटली की टेबलाखाली जाऊन बसावंसं वाटलं. डॉक्टरबाईंनी केसपेपर हातात घेऊन विचारलं, मग आता पेशंट कोण लिहू?

दादा म्हणाले, "नंबर लावलाच हाय, तर हिलाच तपासा."

बाहेर आल्याबरोबर त्यांनी माझ्याकडून फोन परत घेतला आणि पहिला रामप्रसादला लावला. जिवंत माणसाचा समाचार घेऊन आलो, ते त्याला सांगितलंच पाहिजे, असा त्यांचा हट्ट. रामप्रसाद इतका हसला की मला फोनाबाहेर ऐकू आलं. मग फोन सुनितानं घेतला. तिला ते कुंकवाचं आत्ता उलगडलं असावं, कारण ती आधी 'अगं बया!' म्हणून ओरडली. मग म्हणाली, "काका, खोटी बातमी उठली की मानसाचं आयुष्य वाढतंय म्हनत्यात. ते नाव तसंच ऱ्हाऊ द्या."

मी लायब्ररी दुरुस्त केली. नंबर माणसाचा नसून घराचा असू शकतो, असं तिच्या माहितीत लिहिलं. मान जोडायची कल्पना काढून टाकली. कौतुक करणाऱ्यांपैकी एकानंही ती का गेली म्हणून विचारलं नाही.

बुद्धपौर्णिमेला मांडव भरला. दादांनी एकेकाला स्वतःच्या तोंडानं बोलावलं होतं. रामप्रसादची गोष्ट तोवर सगळीकडे झालेली होती, आणि जेवणं झाल्यावर दादांभोवती घोळका जमला. माझंही लिहा, आमच्या हिचंही लिहा, असं चाललेलं. दादांचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, हे ते प्रत्येकाला बजावून सांगत होते आणि लिहीत होते. भांड्यांना बसलेल्या बायकांनीही आपली नावं सांगून घेतली.

पाहुणे पांगल्यावर मी तो फोन हातात घेतला. त्यात माझं नाव होतं, 'पौर्णिमा वारले'.

मी दादांकडे बघितलं. ते आईच्या फोटोसमोरची मेणबत्ती सरळ करत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आपला न्हाई इश्वास. पन लिहायला काय लागतंय? तुझ्या आयचं तेवढं वेळेवर सुचलं न्हाई."

मी ते नाव बदललेलं नाही. मी कामासाठी पुण्याला गेले आणि तिथून फोन केला की दादांच्या शेजारी बसलेलं माणूस स्क्रीन बघून दचकतं. दादा शांतपणे फोन उचलतात आणि विचारतात, "जेवलीस का?"