बारा चाळीसला सांगायचं होतं

"सोमवारी दुपारी बरोबर बारा चाळीसला माझ्या वर्गातली अकराच्या अकरा मुलं धीट झालेली असतील!" अनारकूल एजेंनी सकाळच्या चहाला जाहीर करून टाकलं.

तोक्तोसून म्हणजे त्यांचा नवरा. तो भाकरीच्या तुकड्याला साय लावत होता. त्याने मान वर न करता विचारलं, "आणि बारा एक्केचाळीसला?"

"बारा एक्केचाळीसला त्यांना सुट्टी!"

एजे म्हणजे खरं तर ताई. पण तिकडच्या डोंगराळ मुलुखात शाळेतल्या बाईंनाही एजेच म्हणतात, आणि अनारकूल एजेंना तर गावातले पिकल्या दाढीचे लोकसुद्धा जरा जपूनच एजे म्हणत. चौदा वर्षांत ही बाई शाळेत एक मिनिट उशिरा आली नव्हती आणि एक मिनिट लवकर घरी गेली नव्हती. गावातल्या बायका त्यांना रस्त्यात बघून चुलीवर दूध चढवायच्या, इतकी त्यांची वेळ पक्की!

आता ही बाई मुलांना काय शिकवायला निघाली होती? तर आयत्या वेळी काहीही झालं तरी डगमगायचं नाही, हे! त्यालाही कारण होतं. सप्टेंबरमध्ये चौथीची ही मुलं नदीपलीकडच्या मोठ्या शाळेत जाणार होती. तिथे विषयागणिक वेगळे शिक्षक, तासातासाला वेगळी खोली. आणि इथे चार वर्षं एकच खोली, एकच शेगडी आणि एकच एजे! मार्चमध्ये धुराडं तुंबलं म्हणून एक दिवस वर्ग शेजारच्या खोलीत भरवला, तर तिघं रडली आणि एक जण वाट चुकला. शेजारची खोली म्हणजे भिंतीपलीकडची हो!

सगळ्यांत कठीण प्रकरण होतं उमसुनायचं. पोरगी गणितात अशी तल्लख, की एजेंची बेरीज चुकली तर फळ्याकडे नुसती बघत राही आणि एजेंना आपोआप घाम फुटे. पण जरा काही बदललं की हिचं पोट दुखायला लागायचं. हिवाळ्यात तिचं बाक बदललं तर चार दिवस शाळेतच आली नाही. तिची आजी, शाकीन आपा, शाळेत येऊन सांगून गेली, "हिला मी नदीपलीकडे धाडणार नाही. बाक बदललं तर चार दिवस झोपते, शाळा बदलली तर कायमची झोपायची! राहील माझ्याजवळ मेंढ्या राखत."

हे मात्र एजेंच्या जिव्हारी लागलं. ही पोरगी मेंढ्या राखणार? मेंढ्या मोजायला हुशार माणूस लागतं हे मान्य, पण गावात दीडशेच्या वर मेंढ्या कुणाकडेच नव्हत्या! "मी तिला नदी ओलांडायला लावीनच," असं त्यांनी मनाशी घट्ट ठरवलं, आणि एजेंनी ठरवलं म्हणजे ठरलं.

तालुक्याच्या गावी दोन दिवसांचं शिबिर झालं होतं. तिथे कुणीतरी सांगितलं, मुलांना अनपेक्षित गोष्टींची सवय लावा. एजेंनी घरी येऊन नवी वही काढली, पट्टीने रेघा मारल्या आणि अनपेक्षित गोष्टीचं वेळापत्रक तयार केलं. नऊ वाजता, मुलांना सांगणे : मी उद्यापासून येणार नाही, गाव सोडून जाते आहे. नऊ पाच, रडणे. नऊ वीस, रडणे समाप्त. मग मुलांनी एजेंशिवाय आठवडा कसा काढायचा ते आपसांत ठरवून लिहायचं. आणि बारा चाळीसला खरं सांगणे. रडणाऱ्यांसाठी पिशवीत चार इस्त्रीचे रुमाल.

"अगं, पण कुणाला आधी सांगून ठेवलंस का?" तोक्तोसूनने विचारलं.

"सांगितलं तर अनपेक्षित कसं राहील?"

तोक्तोसूनने आणखी एक भाकरी घेतली. लग्नाला वीस वर्षं झालेला माणूस होता तो.

सोमवारी नऊ वाजता एजेंनी बातमी दिली आणि रुमालांवर हात ठेवून उभ्या राहिल्या. कुणीच रडेना! नऊ पाच झाले, नऊ सात झाले. शेवटी बेकबोलने हात वर केला.

"एजे, कुठे जाताय?"

हा प्रश्न वहीत नव्हता. "लांब," एजे म्हणाल्या.

"किती लांब?"

"खिंडीपलीकडे! आता गप्प बस आणि रड... म्हणजे, लिहायला घे!"

तेवढ्यात त्यांचं लक्ष उमसुनायकडे गेलं. तिचा एक हात पोटावर होता आणि उजवा गाल टम्म फुगला होता.

"तोंडात काय आहे? काढ आधी!"

उमसुनायने तोंडातून कुरुतची गोळी काढली. दह्याची वाळवलेली, खारट, दगडासारखी कडक. वर्गात खायचं नाही हा नियम पहिलीपासूनचा, तरी ही पोरगी वर्षभर खिशात कुरुत घेऊन यायची आणि पकडली जायची. एजेंनी हात पुढे केला. "खिशातल्यापण!" खिशातल्या सगळ्या गोळ्या टेबलाच्या खणात गेल्या. तिथे वर्षभरात जप्त केलेल्या इतक्या साठल्या होत्या, की खण उघडताना खडखडायचा.

दहाच्या सुट्टीत बेकबोल घरी पळाला. त्याचं घर शाळेला लागूनच, आणि त्याचे आजोबा म्हणजे सादिबाकास अता, गावातले सगळ्यांत वडीलधारे. आता तिकडची रीत अशी, की चांगली बातमी जो पहिल्यांदा आणतो त्याला हातावर काहीतरी ठेवावंच लागतं. वाईट बातमीला कुणी काही देत नाही. बेकबोलने दारातच एक क्षण विचार केला आणि ओरडला, "अता, सुयुन्चू द्या! आमच्या एजेंना बढती मिळाली!"

"कुठे?"

"खिंडीपलीकडे! राजधानीत!"

अतांनी पोराला नवा चेंडू देऊन टाकला. चेंडू बघून बाकीची पोरंही आपापल्या घरी पळाली, आणि नुसत्या बढतीवर दुसऱ्यांदा कोण काय देणार, म्हणून प्रत्येकाने बातमीत थोडी भर घातली. अकरा वाजेपर्यंत अनारकूल एजे मंत्रालयात पोचल्या होत्या. साडेअकराला त्यांना गाडी आणि ड्रायव्हर मिळाला होता. पावणेबाराला त्या परदेशी चालल्या होत्या आणि तोक्तोसूनला मागे ठेवून चालल्या होत्या!

बारा वाजता मुख्याध्यापक मेदेर अगाय वर्गाच्या दारात आले. डोळे लाल. "चौदा वर्षं! चौदा वर्षं एका शेगडीवर चहा केला आपण, अनारकूल! मला एका शब्दाने सांगायचं नाही?"

एजेंना तिथल्या तिथे सांगून टाकता आलं असतं. पण अकरा मुलं समोर बसली होती, आणि वहीत लिहिलं होतं बारा चाळीस. म्हणून त्यांनी अगायांना डोळा मारला. चौदा वर्षांत या बाईने कुणाला डोळा मारलेला नसल्यामुळे अगायांना वाटलं, दुःखाने बिचारीची पापणी फडफडतेय. ते हुंदका देऊन निघून गेले.

बारा दहाला खिडकीतून एक मेंढी जाताना दिसली. मेंढीमागे सादिबाकास अता, त्यांच्यामागे शाकीन आपा, त्यांच्यामागे कढई घेतलेले दोन गडी, आणि त्यांच्यामागे बाकीचं गाव.

'अजून अर्धा तास,' एजे मनात म्हणाल्या. 'अर्ध्या तासात काय होतंय!'

वर्गाचं दार उघडलं आणि मेंढीने आत तोंड घातलं. पाहुण्याच्या नावाने मेंढी कापायची तर आधी ती पाहुण्याला दाखवायची, आणि पाहुण्याने ओंजळ वर धरून होकार द्यायचा. सादिबाकास अतांनी तळवे वर केले. अंगणातल्या साठ माणसांचे तळवे वर झाले. अकरा मुलांचे झाले. आणि अनारकूल एजेंचे? तेही झाले! जन्मल्यापासून समोरच्याची ओंजळ वर गेली की आपली जाते. हातांना कुठे माहीत, वहीत काय लिहिलंय ते!

"जा पोरी, खिंड तुला सुखाची जावो, पलीकडचे लोक तुला मायेने वागवोत," अता म्हणाले. "ओमीन!"

"ओमीन!" सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. एजेंनीसुद्धा. मेंढीला घेऊन गेले.

बारा चाळीसला, म्हणजे अगदी सेकंदकाट्यावर, एजे फळ्यासमोर उभ्या राहिल्या. "मुलांनो! मी कुठेही जात नाहीये! ही परीक्षा होती!"

मुलांनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेर. कढईखाली जाळ पेटला होता.

"मग मेंढी?" उमसुनायने विचारलं.

या प्रश्नालाही वहीत उत्तर नव्हतं. एजे अंगणात गेल्या. त्यांना बघताच शाकीन आपाने त्यांच्या खांद्यावर निरोपाचा मान म्हणून नक्षीचा नवा कोरा झगा चढवला. एजेंनी झग्यातूनच सगळं कबूल केलं. शिबिर, वही, बारा चाळीस, सगळं. मेदेर अगायांना आत्ता कुठे तो डोळा कळला आणि ते लाजून लालबुंद झाले.

सादिबाकास अतांनी दाढी कुरवाळली. "म्हणजे पोरी, तू कुठेच जाणार नव्हतीस?"

"नाही, अता."

"आणि मेंढीला ओंजळ धरलीस?"

"हात आपोआप गेले, अता!"

"ते जायचेच. चालरीत चुकली नाही तुझी. पण आता आशीर्वाद दिला गेलाय. त्र्याऐंशी वर्षांत मी दिलेला आशीर्वाद कुणी माझ्याकडे परत आणला नाही. खिंड ओलांडायची. तीन रात्री पलीकडे काढायच्या. मग खुशाल ये."

"पण माझी मुलं! त्यांच्याजवळ कोण?"

"तेच तर शिकवत होतीस ना त्यांना?" अता म्हणाले आणि मानाचा तुकडा एजेंच्या हातात दिला.

गावाने मेंढी खाल्ली. एजेंच्या हातातला मानाचा तुकडा मात्र तसाच राहिला. त्यांना एकच दिसत होतं : उद्या उमसुनाय अंथरुणावर पोट धरून पडलेली, आणि आजी म्हणतेय, बघा, मी सांगितलं नव्हतं? पोरीला नदीपलीकडे न्यायला निघालेली बाई तिला मेंढ्यांमागे लावून खिंडीपलीकडे चालली होती!

तोक्तोसूनने त्यांना गाडीने खिंडीपलीकडे त्यांच्या बहिणीकडे सोडलं आणि तो परत आला. त्या तीन दिवसांत त्याला त्रेपन्न फोन आले.

"रडतायत का?"

"नाही."

"उमसुनाय आली होती का शाळेत?"

"मी काय दारात हजेरी घेतो का? हसण्याचे आवाज येत होते."

"हसण्याचे? मला सोडून?"

तिसऱ्या रात्री एजेंना डोळ्याला डोळा लागला नाही. गुरुवारी त्या पहिल्या गाडीने निघाल्या आणि झग्यासकट थेट शाळेत पोचल्या. सोबत चार रुमाल होतेच. दार ढकललं, तर काय! वर्ग रिकामा! शेगडी गार! बाकांवर कुणी नाही! चौदा वर्षांत असं झालं नव्हतं. एजेंच्या पोटात असा काही गोळा आला, की त्यांनी टेबल धरलं.

मग भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज आला.

शेजारच्या खोलीत दहा मुलं बसली होती, आणि फळ्यापुढे खडू घेऊन उमसुनाय उभी होती! ती अपूर्णांक शिकवत होती. एका भाकरीचे अकरा भाग, आणि बेकबोलने दोन खाल्ले तर उरले किती!

"तुम्ही इकडे?" एजेंनी विचारलं.

"काल धुराडं तुंबलं," बेकबोल म्हणाला. "मेदेर अगाय म्हणाले, घरी जा. आम्ही म्हटलं, इकडे बसतो."

"कुणी रडलं का?"

मुलांनी एकमेकांकडे बघितलं. "वेळच नव्हता, एजे."

उमसुनायने हातातली वही उघडली. पट्टीने रेघा मारलेली होती, हुबेहूब एजेंसारखी. ती जरा काळजीत पडली. "एजे, तुम्ही आज यायच्या नव्हतात. आमचं शुक्रवारपर्यंतचं ठरलंय. तुम्हाला कुठे बसवू?"

एजेंना हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं. पहिला रुमाल निघाला. दुसरा निघाला. पोटातला गोळा काही हलेना. त्या मागच्या बाकावर मटकन बसल्या आणि पोटावर हात ठेवला.

उमसुनाय जवळ आली आणि हळूच म्हणाली, "दुखतंय? मला माहितीय. हे घ्या." तिने एजेंच्या तळव्यावर कुरुतची गोळी ठेवली. "चावायची नाही, नुसती चोखायची. ती संपेपर्यंत आपण नव्या जागी बसलेलोच असतो."

एजेंनी तळव्यावरच्या गोळीकडे बघितलं. म्हणजे हे वर्षभर चाललं होतं! पोरगी आपलं औषध आपणच शोधून रोज खिशातून आणत होती, आणि त्या शिस्तीने ते रोज जप्त करत होत्या!

"नदीपलीकडे पण नेणार आहे मी," उमसुनाय म्हणाली. "आजी दोन पिशव्या वाळवतेय. म्हणाली, दोन दिवस बिनएजेंची शाळा केलीस, तर तिथे बारा एजे मिळून तुझं काय वाकडं करणार!"

एजेंचा तिसरा रुमाल निघाला. पण चौदा वर्षांची सवय अशी एका क्षणात जात नाही. "वर्गात खायचं नाही हा नियम माहितीय ना?" त्या नाक पुसत म्हणाल्या. "ही गोळी आणलीस कुठून?"

"तुमच्या खणातून."

मग एजेंनी गोळी तोंडात टाकली, गाल फुगवला आणि वही काढली. त्या दिवसाची नोंद अजून तिथे आहे : 'अनपेक्षित प्रसंगाची परीक्षा. मुलं अकरा, उत्तीर्ण अकरा. शिक्षिका एक, कुरुत चालू.'