रिबेकाबाईंचा हजेरीपट

आमच्या शेजारच्या रिबेकाबाई दर रविवारी चार वाजता मेलेल्या माणसांची हजेरी घेतात.

अंगणात सतरंजी, मांडीवर जाडजूड रजिस्टर, आणि आवाज असा की वाशिमच्या आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा सरळ होऊन बसतात. "शांतवन मास्तर?" असं त्याच ओरडतात, मग मास्तरांसारखं खोकून त्याच म्हणतात, "हजर!" "सलोमीबाई?" लगेच नाकातून, "हजर!" योहान कंपाउंडर जिवंतपणी नेहमी उशिरा यायचा, म्हणून त्याची हाक सगळ्यांत शेवटी.

बाई मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. लग्न केलं नाही. चाळीसेक वर्षांपूर्वी चर्चमधल्या दहा-बारा जणांनी मिळून एक मंडळ काढलं. काम एकच. अडचणीत सापडलेल्या गरोदर बाईपाशी जाऊन बसायचं, ती आणि तिच्या पोटातलं लेकरू दोघंही जगावीत म्हणून प्रार्थना करायची, आणि प्रार्थना आटोपली की तिची धुणी-भांडी करायची. "आमेन म्हणून घरी जाणं सोपं हाय व," बाई म्हणतात, "खरं काम आमेननंतर सुरू होते."

आता त्या मंडळात उरल्या त्या एकट्याच. "बंद करा की आता," मी एकदा म्हटलं.

"काहून? बाकीचे वर बसून करूनच राह्यले ना!"

रजिस्टरच्या दुसऱ्या भागात पोटातल्या लेकरांची हजेरी. तिथं आईचं नाव लिहायचं नाही, हा बाईंचा कायदा. ती कशी आली किंवा कशासाठी आली, तेवढं लिहायचं. 'अनसिंगच्या गाडीनं आलेलीचं.' 'हिरव्या छत्रीवालीचं.' 'विरजणवालीचं तिसरं.'

ही विरजणवाली म्हणजे मी.

वय सव्वीस, पदरात दोन मुली, आणि तोरा असा की रिठदहून दहावी पास होऊन आलेली मी एकटीच काय ती शहाणी. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा घरात कोणी तोंड उघडायच्या आत मीच ठरवून टाकलं, हे नको. तिसरीही मुलगीच निघाली तर लोक काय म्हणतील! लोक कसले? अर्ध्या गल्लीला माझं नावही ठाऊक नव्हतं. शेजारी विरजण मागायला गेले आणि बाईंसमोर सगळं रडून मोकळी झाले. त्या रागावल्या नाहीत. आधी विरजण दिलं, मग रजिस्टर काढलं.

त्या रविवारी भिंतीपलीकडून हाक आली, "विरजणवालीचं तिसरं?"

मी परसातून ओरडले, "गैरहजर!"

"बरं. पुढच्या रविवारी पाहू."

सोमवारपासून बाई आमच्याच घरात. माझ्या पोरींच्या वेण्या घालायच्या, मला ज्वारीची पेज पाजायच्या, सासूबाईंशी पापडाच्या खारावरून भांडायच्या. उपदेशाचा एक शब्द नाही. त्या कधी उपदेश करतात आणि मी कधी त्यांना गप्प करते, याची मी वाट पाहत होते. झणझणीत उत्तर पाठ करून ठेवलं होतं. ते वायाच गेलं. चौथ्या रविवारी हाक आली तेव्हा मी कढई घासत होते.

"हजर, माय, हजर! आता तरी गप्प बसा!"

ती 'हजर' आज रिसोडला शिक्षिका आहे, आणि औषध घेतलं का म्हणून मला रोज फोनवर दरडावते.

जी लेकरं आलीच नाहीत, त्यांनाही बाई गाळत नाहीत. त्यांच्यासाठी हळूच "देवापाशी हजर" म्हणतात. पण त्यांच्या आयांना कोणी नावं ठेवली की अंगावर धावून जातात. "तवा तिच्यापाशी कोण बसलं होतं? तू बसली होती?" आणि दरसाल रजिस्टरला नवे कागद शिवतात. "येतीनच कोणी," म्हणतात.

गेल्या महिन्यात त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी, वाचायला बंदी. रविवारी चारला रजिस्टर छातीशी धरून माझ्या दारात उभ्या. साऱ्या गल्लीला दटावणारी बाई चाचरत म्हणाली, "सुमन, आज कोणी नावं घेतली नाही, तर त्याइले वाटीन, आपल्याले इसरले."

मी उठले. सकाळी गणपतीची पूजा केलेल्या हातांनी रजिस्टर उघडलं आणि सतरंजीवर बसून एकेक नाव घेतलं. खोकायचं काम त्यांनी केलं, नाकातून बोलायचंही. सगळी नावं संपली तेव्हा माझ्या ध्यानात आलं, एवढ्या रजिस्टरात बाईंचं नाव कुठंच नाही.

"तुमचं नाव काहून नाही व?"

"मी घेणारी ना. घेणारीले कोण इचारते?"

चाळीस वर्षं! मी पेन काढलं, योहान कंपाउंडरच्या खाली नाव लिहिलं आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "रिबेकाबाई?"

साऱ्यांच्या वतीनं उत्तर देणारी बाई ती. उघडा डोळा पदरानं टिपत राहिली. ऑपरेशन डोळ्याचं झालं होतं, कान अगदी ठणठणीत आहेत. तरी म्हणाल्या,

"ऐकू नाही आलं व. अजून एक डाव घे."