मार्केटराव युरोपचा बाजार बघून येतात

"देशाची नाडी ओळखायला मला वेळ लागत नाही, मालक! विमानतळावरून गावात पोचेपर्यंत तिथला बाजार माझ्या खिशात असतो!"

हे सांगताना मार्केटरावांनी टेबलावर अशी थाप मारली, की मालकांचा अर्धा चहा बशीत उतरला.

कारखाना कुलपांचा आणि मार्केटराव त्याचे विक्रीप्रमुख. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, पण पगारपत्रकाबाहेर ते कुणी वापरत नसे. मालकांना कारखान्याला नवी शेड जोडायची होती. शेड जोडायची तर माल परदेशात खपायला हवा. युरोपातला एक देश अलीकडे चांगलाच वर येत होता. नवे रस्ते, नवे कारखाने, बाहेरच्या उद्योगांना पायघड्या! तिथे आपलं कुलूप चालेल का, एवढं बघून यायचं होतं.

"तिथली माणसं नुसतं बोट टेकवून दार उघडतात म्हणे," कोपऱ्यातून हिशेबनीस म्हणाले. "आपलं हे लोखंडी धूड घेणार कोण?"

"धूड?" मार्केटराव ताडकन उठले. "अहो, हे कुलूप नाही, हा पहारेकरी आहे! झोपत नाही, जेवत नाही, रजा मागत नाही! तुम्ही बेरजा करा, युरोप माझ्यावर सोडा!"

मालकांनी सोडला. मात्र जाताना एवढंच म्हणाले, "रिकाम्या हाताने आलात तर शेडचं नाव काढायचं नाही. माझ्याकडे नाही आणि कामगारांकडे तर मुळीच नाही."

त्या देशात मार्केटरावांची भाची शिकायला होती. तिथली भाषा ती पाण्यासारखी बोलायची. विमानतळावर मामांना घ्यायला तीच आली. टॅक्सीत बसल्याबसल्या मार्केटराव खिडकीला चिकटले. जिकडेतिकडे उंचच उंच क्रेन, अर्धवट बांधलेल्या इमारती, दुकानांवर ताजा रंग.

"बघ! जिथे क्रेन तिथे घर, जिथे घर तिथे दार, आणि जिथे दार तिथे आपण!"

"मामा, इथलं कुलूप दारातच बसवलेलं असतं. लटकणारं कुणी लावत नाही."

मार्केटरावांचा चेहरा हवा गेलेल्या फुग्यासारखा झाला. दुपारी तिथल्या एका बड्या घाऊक व्यापाऱ्याशी भेट ठरली होती. त्याला काय सांगणार? आमचं कुलूप उत्तम आहे, पण तुमच्या देशात लटकवायला जागा नाही?

"हां, आमच्या इमारतीच्या तळघरात मात्र लटकतात," भाची सहज बोलून गेली. "प्रत्येक घराची खाली एक कोठी असते ना. सायकली, जुनं सामान ठेवायला."

"प्रत्येक घराची?"

"प्रत्येक घराची."

"प्रत्येक इमारतीत?"

"मामा, टॅक्सीत उभे राहू नका!"

घरी पोचल्यावर भाची चहा टाकायला आत गेली आणि मार्केटराव नमुन्यांची पिशवी खांद्याला लावून तडक तळघरात उतरले. लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना लाकडी फळ्यांची दारं आणि दर दाराला एक कुलूप! मार्केटरावांना स्वर्गात आल्यासारखं वाटलं. बॅटरी काखेत धरून ते एकेक कुलूप हिसकून बघू लागले. "हे पत्र्याचं... हे गंजलेलं... आणि हे काय, बाहुलीच्या पेटीचं?" चौथं की पाचवं कुलूप त्यांनी जरा मनापासून हिसकलं, तर ते खळकन उघडून हातातच आलं!

"वा!" मार्केटराव आनंदाने ओरडले. "असला माल विकतात? मग बाजार आपलाच!"

नेमकी त्याच वेळी त्या कोठीची मालकीण, शेजारची म्हातारी, जिन्यावरून खाली आली. तिने बघितलं: काखेत बॅटरी, हातात तिचं कुलूप आणि तोंडावर हे भलंमोठं हसू! तिने अशी किंकाळी फोडली, की वरच्या मजल्यावर भाचीच्या हातून चहाचं पातेलं सुटलं.

"आजी, आजी, घाबरू नका!" मार्केटराव शुद्ध मराठीत म्हणाले आणि ओळख पटवायला कार्ड काढायला कोटाच्या खिशात हात घातला. निघाला स्क्रू ड्रायव्हर!

पुढचं सगळं फार भराभर झालं. भाची धावत खाली येईपर्यंत अख्खी इमारत तळघरात जमली होती आणि ती सगळं समजावून सांगेपर्यंत मामा पोलीस ठाण्यात पोचले होते.

ठाण्यातला अधिकारी जाडजूड मिशांचा, सुस्त माणूस होता. त्याने भाचीचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"मामा, ते म्हणतायत, कुलूप विकणारा माणूस लोकांची कुलपं तोडत का फिरतो?"

"तोडलं नाही! ते आपणहून पडलं! विचार त्यांना, आमचं पडेल का? विचार!"

"नको ना मामा."

"विचार!"

तिने विचारलं. अधिकारी मिशीतल्या मिशीत हसला. ते हसू मार्केटरावांच्या काळजाला झोंबलं. आपल्याला चोर म्हटलेलं त्यांनी सोसलं असतं, पण आपल्या कुलपाला कुणी हसावं? त्यांनी पिशवीतून नमुन्याचं कुलूप काढलं, भिंतीजवळच्या लोखंडी कपाटाच्या कडीत अडकवलं आणि खट्कन दाबलं.

"आता उघडा म्हणावं!"

अधिकाऱ्याचं हसू मावळलं. तो काहीतरी पुटपुटला. भाचीचा चेहरा पांढरा पडला.

"मामा, त्यांचा कोट आत आहे. कोटात गाडीची चावी आहे. शिवाय जेवणाचा डबा आत आहे, आणि त्यांना भूक लागलीय."

"एवढंच ना? ही घे किल्ली." मार्केटरावांनी खिसा चाचपला. मग दुसरा. मग पिशवी जमिनीवर उपडी केली. मग त्यांनी घरी बायकोला फोन लावला.

"अगं, नमुन्याच्या कुलपांच्या किल्ल्या कुठल्या कप्प्यात ठेवल्यास?"

"कपाटाच्या वरच्या."

"बॅगेच्या म्हण."

"बॅगेच्या कशाला? तुम्हीच सांगता ना सगळ्यांना, कुलूप आणि किल्ली एका जागी ठेवायची नसते म्हणून? कुलपं तुमच्यासोबत दिली, किल्ल्या घरात ठेवल्या. अगदी सुरक्षित आहेत, काळजी करू नका!"

मार्केटरावांनी फोन हळूच खिशात ठेवला.

मग सुरू झालं युद्ध. आधी पोलिसांनी हातोडी घेतली. मग किल्ल्या बनवणारा आला, तारा खुपसून घामाघूम झाला आणि हात जोडून निघून गेला. शेवटी अग्निशामक दलाची माणसं आली. त्यांनी भलीमोठी कातर लावली. कातरीच्या पात्याला खाच पडली! कुलपावर एक ओरखडा.

प्रत्येक घावाला मार्केटरावांचं काळीज धडधडत होतं, पण भीतीने नव्हे. घाव फुकट गेला की त्यांची छाती इंचभर फुगायची. "मारा!" ते ओरडायचे. "अजून जोरात! आमच्या कामगारांनी घडवलंय ते!"

"मामा, तुम्ही अजून अटकेत आहात," भाची दबक्या आवाजात म्हणाली.

भेटीची वेळ टळली म्हणून तिने त्या घाऊक व्यापाऱ्याला ठाण्याचा पत्ता कळवला होता. तो दारात येऊन उभा राहिला तेव्हा अग्निशामकवाल्यांनी कुलपाचा नाद सोडून कपाटच कापायला घेतलं होतं. ठिणग्या उडाल्या, कपाटाचं दार धाडकन कोसळलं. अधिकाऱ्याने आतून झाकण उडालेला डबा काढला आणि त्यातला लोखंडाचा भुगा बघत बसला. तुटलेल्या कडीत अडकून जमिनीवर पडलेलं कुलूप मात्र जसंच्या तसं बंद!

मार्केटरावांनी ते कडीसकट उचललं आणि लेकराचं तोंड पुसावं तसं रुमालाने पुसलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

व्यापारी पुढे झाला. त्याने कुलूप हातात तोललं, ओरखड्यावरून बोट फिरवलं, पडलेल्या कपाटाकडे बघितलं आणि भाचीशी बराच वेळ बोलला.

"मामा! ते म्हणतायत, देशभर नवी घरं होतायत, तळघरं होतायत, आणि असं कुलूप त्यांनी आजवर बघितलेलं नाही. पहिली खेप लगेच पाठवा म्हणतायत!"

तेवढ्यात रिकाम्या पोटी बसलेला अधिकारीही कापलेल्या कपाटाकडे बोट दाखवून गुरगुरला. कपाटाचं नुकसान आपण भरून देतो असं व्यापाऱ्याने सांगितलं, भाचीने समजूत घातल्यावर म्हातारीनेही तक्रार मागे घेतली, आणि मार्केटराव सुटले.

परत आले ते विजयी वीरासारखे! फाटकावर कामगारांनी हार घातला. हिशेबनीसांनी उठून हात मिळवला. मालकांनी शेडचं काम सुरू करायला सांगितलं आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "आजपासून मार्केटराव आपल्या नव्या युरोप विभागाचे प्रमुख!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मार्केटरावांनी मान तुकवून तो स्वीकारला. गर्दी पांगल्यावर मालकांनी त्यांना जवळ बोलावलं.

"त्या व्यापाऱ्याचा सकाळी फोन आला होता. माल हवा तेवढा पाठवा म्हणाला. एकच अट घातलीय."

"बोला की! आपल्या मालाला कुठलीही अट मान्य आहे!"

"मीही तेच सांगितलं त्याला," मालक म्हणाले. "तो म्हणतो, माल पाठवा, पण सोबत तुम्हाला पाठवू नका."