ओळख पटली

ऑफिसात त्यांना सगळे कुलूपसाहेब म्हणत. कंपनीच्या संगणकांचं जाळं सांभाळणं हे त्यांचं काम, पण वावरायचे ते एखाद्या किल्लेदाराच्या थाटात. कंपनीकडे इस्पितळांतल्या रुग्णांचे अहवाल असत. त्यांना पाय फुटू नयेत म्हणून साहेबांनी नवा बंदोबस्त केला होता. ज्याचं जेवढं काम, त्याला तेवढंच उघडणार. शिवाय पासवर्ड टाकला की मोबाइलवर कोड येणार, आणि तो टाकल्याशिवाय कुणालाही आत प्रवेश नाही.

"मालकांनाही नाही!" हे त्यांनी मालकांच्याच तोंडावर सांगितलं.

मालक खूश झाले. एका मोठ्या इस्पितळाच्या डॉक्टरीणबाई हा बंदोबस्त पाहायला येणार होत्या. त्यांना पटला तर इस्पितळाचं काम कंपनीला मिळणार होतं. नाही पटला, तर निम्म्या माणसांना घरी बसवायची पाळी येणार होती.

बाई आल्या. कुलूपसाहेबांनी पासवर्ड टाकला, "आता कोड!" म्हणत ऐटीत खिशातून फोन काढला, आणि त्यांचा चेहरा उतरला. फोनवर मांजराचा फोटो होता. मांजर सासूबाईंचं होतं, म्हणजे फोनही सासूबाईंचाच. त्या परवाच लेकीकडे राहायला आल्या होत्या. जावयानेच हौसेने त्यांना स्वतःसारखाच फोन घेऊन दिला होता. सकाळी घाईघाईत चार्जरवरून नेमका त्यांचा उचलला गेला होता.

"काही अडचण?" बाईंनी विचारलं.

"छे छे! एका फोनचं काम आहे." सासूबाईंच्या फोनला कुलूप नव्हतंच. साहेबांनी स्वतःचा नंबर फिरवला आणि टाइप करायला हात मोकळे राहावेत म्हणून स्पीकर सुरू करून फोन टेबलावर ठेवला.

"आई, मी बोलतोय. माझा फोन घरी राहिलाय. त्याच्यावर एक कोड आलाय, तेवढा वाचून दाखवा."

"मी म्हणजे कोण?"

"तुमचा जावई!"

"असं? माझ्याच नंबरावरून? म्हणजे माझा फोन तूच लांबवलास होय रे चोरा?"

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"अहो आई, आवाज तरी ओळखा!"

"आवाज हल्ली कुणाचाही काढता येतो. आमच्या जावयांनी कालच जेवताना तासभर डोकं खाल्लंय माझं. कोड सख्ख्या भावालाही सांगायचा नाही. आणि समोरचा घाई करायला लागला, की तो भामटाच समजायचा."

"आई, पटकन सांगा हो, कोड बाद होईल!"

"बघ, लागलास ना घाई करायला!"

कोड बाद झाला. साहेबांनी घाम पुसत दुसरा मागवला. मालकांना राहवेना. ते फोनवर वाकून म्हणाले, "बाई, मी कंपनीचा मालक बोलतोय."

"अगं बाई! टोळीच आहे की तुमची!"

सासूबाई पुन्हा बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज जरा जास्तच गोड झाला होता. "हे बघ, माझा नंबर वाजला की या फोनवर एक नाव दिसतंय. आमच्या जावयांनीच ठेवलेलं. तू खरा जावई असशील, तर सांग काय आहे ते."

कुलूपसाहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "आई, घरी आल्यावर सांगतो."

"आत्ता."

मालकांनी हात जोडले. साहेब पुटपुटले, "संचारबंदी."

"ऐकू आलं नाही."

"संचारबंदी!"

आवाज दाराबाहेर गेला. तिथे कुणीतरी फस्सकन हसलं.

"ओळख पटली, जावईबापू," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "कोड मात्र मिळणार नाही. माणूस ओळखीचा निघाला म्हणून त्याला आत घ्यायलाच हवं, असं थोडंच आहे?"

फोन बंद झाला. मालकांनी डोकं धरलं. डॉक्टरीणबाई मात्र डोळ्यांतलं पाणी पुसत होत्या, हसून हसून आलेलं.

"आमच्याकडे गेल्या वर्षी कुणीतरी फोनवर 'मी मोठा डॉक्टर' म्हणाला आणि आमच्या माणसाने शंभर अहवाल देऊन टाकले," त्या म्हणाल्या. "तुमचं घरचं माणूस तुम्हालाच दाद देत नाही. तुमची यंत्रणा उद्या बघते, पण काम तुम्हालाच देणार."

संध्याकाळी कुलूपसाहेब चोरपावलांनी घरात शिरले. "आई, चुकलं माझं. ते नाव आत्ता बदलतो."

"मुळीच नको!" सासूबाईंनी त्यांच्या हातात फोन ठेवला. "भारदस्त आहे. वचक राहतो."

साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात कामावरून आलेली बायको दारातच थांबली. आईने शेजाऱ्यांच्या फोनवरून तिला सगळं सांगितलं होतंच.

"आणि माझा नंबर वाजला की काय दिसतं हो?"

"तुझं... तुझं नावच. दुसरं काय दिसणार?"

"मग उघडा बघू."

फोन अंगठा टेकवला की उघडायचा. कुलूपसाहेबांनी दोन्ही अंगठे मुठीत दडवले.