आबांची कंबर दहा नंबरवर

कंबरेला करंट द्यायचं मशीन आणायचं विश्वजितनं ठरवलं, ते काही बापावरच्या मायेनं नाही. म्हशींच्या कंटाळ्यानं. (माया होती थोडीफार, पण माया माणसाला पहाटे उठवत नाही, म्हैस उठवते.)

इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडून कसबा बावड्यात परत आल्यापासून ‘आकारामचं ते सोडून आल्यालं’ हीच त्याची ओळख. आता पुण्यात मित्राच्या गॅरेजात काम मिळत होतं. बॅग भरून झाली, आणि नेमकी बापाची, म्हणजे आकाराम आबांची, कंबर धरली. गोठा विश्वजितच्या गळ्यात पडला. आई शालूबाई एवढंच म्हणाली, “त्यांची कंबर बरी हुंदे, मग जा की. कोन अडवलंय?”

अडवलं होतं सगळ्या पैपावण्यांनी. आजारी माणसाला बघायला रिकाम्या हातानं जायचं नाही, म्हणून आमच्याकडं प्रत्येकजण एक उपाय घेऊन येतो. मुरगूडच्या मामांनी तांब्याचं कडं आणलं. कोडोलीच्या पावण्यांनी लोहचुंबकाचा पट्टा आणला. तो बांधून आबा उठले तर दाराची कडी त्यांच्याकडं ओढ घेऊ लागली. आणि चिमणाआत्ती, म्हणजे आबांची थोरली बहीण, तिनं तेल आणलं. आत्तीचा सगळ्यावर तेल हाच उपाय. विश्वजितनं कॉलेज सोडलं तेव्हाही तिनं त्याच्या टाळूवर वाटीभर तेल थापलं होतं.

या वडीलधाऱ्यांचं एक बरं असतं. कण्हत येतात, दुसऱ्याला ठणठणीत करायचा उपाय सांगतात आणि कण्हत परत जातात. तुमच्या उपायानं तुमचेच गुडघे दुखायचे का राहिले नाहीत, असं विचारलं की पोरगं उद्धट.

शेवटी विश्वजितनं फिजिओथेरपीवाल्या भैरवी मॅडमना गाठलं. त्यांनी आबांना तपासलं आणि मिसरीच्या डबीपेक्षा जरा मोठं मशीन हातात ठेवलं. त्याला वायरी, वायरींना चिकट पॅड आणि अंगावर शून्य ते दहा आकड्यांची चकती.

“यानं कंबर दुरुस्त होत नाही,” मॅडम म्हणाल्या. “शिरांना झिणझिण्या दिल्या की दुखणं कमी जाणवतं, तेही सगळ्यांना नाही. बरं वाटलं की तेवढ्यात व्यायाम करून घ्यायचा. कातडी कोरडी पाहिजे. मुंग्या आल्या की आकडा तिथंच थांबवायचा. आणि चालू करायच्या आधी चकती शून्यावर आहे ना, ते बघायचं.”

विश्वजितनं हे घरी जसंच्या तसं म्हणून दाखवलं. आबा “हं, हं” म्हणाले. (बापाचं “हं, हं” म्हणजे ऐकलं नसल्याची पोचपावती.)

तीन नंबरवर आबांना मुंग्या आल्या. “आरं, बरं वाटालंय की!” म्हणत त्यांनी व्यायाम केला, चार दिवसांत गोठ्यापर्यंत चालत गेले आणि म्हशीच्या पाठीवर थाप मारून आले. विश्वजितनं मित्राला फोन लावला, “सोमवारी आलोच, भावा.”

आणि गुंडू वस्ताद आले. आबांचे तालमीतले जोडीदार.

“कितीवर लावलंयस रं?”

“तीनवर.”

“तीन?” वस्तादांनी शालूबाईंकडं असं बघितलं की जणू घरात कुणीतरी गेलंय. “आकाराम, मैदानात चांदीची गदा मारल्याला गडी तू. तीनवर पडतुयास व्हय? आकडं धा नंबरापतुर हैत न्हवं?”

“वस्ताद, त्यो काय कुस्तीचा नंबर न्हाय,” विश्वजित म्हणाला.

“मोठी मानसं बोलाल्यात न्हवं?” आबा गुरकावले आणि चकती सहावर नेली. डोळ्यांत पाणी, मिशीत हसू. दुसऱ्या दिवशी कंबर पुन्हा लाकूड.

आत्तीनं निदान केलं, “कोरडं लावल्यावर झोंबंल न्हाय तर काय!” विश्वजित डेअरीला दूध घालायला गेल्यावर तिनं भावाच्या पाठीवर तेल चोपडलं आणि वर पॅड ठेवले. ते घसरायला लागले तसे जुन्या लुगड्याच्या पट्टीनं करकचून बांधले. आता तेलाच्या थरातून करंट काय डोंबल आत जाणार? सहावर काही नाही. आठवर काही नाही. दहावर आबा मिशी खाजवत पडलेले.

विश्वजित रिकामी किटली घेऊन परतला, तर सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, ही गर्दी. “धावर हाय त्यो!” वस्ताद मैदानात पुकारावं तसं पुकारत होते. आबा डोळे मिटून, पुतळा बसवल्यासारखे. कुणीतरी फेटा बांधायची भाषा करत होतं.

मग हे रोजचंच झालं. कंबर दुखायची तेवढीच दुखत होती, पण आता तसं म्हणायची सोय राहिली नव्हती. दहा नंबरचा गडी कण्हणार कसा?

“आबा, एवढं सोसताय, मग धार काढा की,” विश्वजित म्हणाला.

“उपचार चालू हाय न्हवं,” आबा म्हणाले.

रविवारी पुण्याहून फोन आला. उद्या आला नाहीस तर दुसरा माणूस घेतो. विश्वजितचं टाळकं सटकलं. तो भरल्या सोप्यात शिरला आणि आबांच्या कंबरेची पट्टी सोडली. पॅड मासळीसारखा सुळकन फरशीवर.

“तेल! आबा, तुमाला करंट लागतच न्हाय! समदं नाटक हाय ह्ये!”

आबांचा चेहरा असा पडला, की विश्वजितला एक क्षण वाईटही वाटलं.

“माज्या तेलाला नावं ठेवतुयास व्हय रं, मुडद्या?” आत्ती उसळली.

“मशीनच बिघडलं आसंल,” वस्ताद म्हणाले.

“बिघडलंय? थांबा, दावतोच!” विश्वजितनं शर्ट काढला, पाठ पुसून खडखडीत कोरडी केली, पाकिटातले नवे पॅड काढले आणि मॅडमनी सांगितलं होतं अगदी तस्से लावले. सगळं शास्त्रशुद्ध. आणि बटण दाबलं.

चकती दहावरच होती.

विश्वजित उडाला तो थेट पोत्यांच्या थप्पीवर, तिथून पाठीवर फरशीला. कंबरेत कटकन वाजलं. कॉलेजात जेवढं शिकला होता तेवढं सगळं एका दमात त्याच्या तोंडातून बाहेर पडलं. आत्तीनं कानांवर हात ठेवले.

वस्तादांनी वाकून चकती बघितली. “धावरच हाय की! मशीन एकदम व्यवस्थित हाय.” मग त्यांचा आवाज भरून आला. “म्हंजी ह्येच... ह्येच रोज आकाराम हसत सोसत हुता?”

सगळा सोपा आबांकडं बघू लागला. आबांनी नम्रपणे मान खाली घातली. विश्वजित काहीतरी सांगत होता, पण त्याच्या तोंडातून नुसतं “त्... त्ये...” एवढंच येत होतं, आणि ‘तेल’ पुरतं बाहेर पडेना.

आता खाट विश्वजितकडं आहे. आबांना झोपायला जागाच उरली नाही, म्हणून ते मुकाट व्यायाम करतात आणि कण्हत का होईना, धार काढतात. तांब्याचं कडं विश्वजितच्या हातात, चुंबकाचा पट्टा कंबरेला, आत्ती उशाशी वाटी घेऊन. मित्राचा फोन आला तो शालूबाईंनी उचलला. “त्याची कंबर बरी हुंदे, मग ईल की. कोन अडवलंय?”

संध्याकाळी वस्ताद बघायला आले. विश्वजितच्या पाठीवर मशीन चालू होतं.

“कितीवर लावलंयस, पोरा?”

“एकवर.”

वस्तादांनी आबांच्या खांद्यावर हात ठेवला.

“आसू दे, आकाराम,” ते म्हणाले. “समद्यांचीच पोरं बापावर जात न्हाईत.”