धोंडूनानांची मातीची माणसं

धोंडूनाना बोलताना माझ्याकडे बघत नसत, माझ्या नाकाकडे बघत. आधी समोरून, मग मान वाकडी करून बाजूने, मग एक डोळा मिटून. तोवर मी काय सांगत होतो ते मीच विसरून जायचो. "भाऊसाहेब, नाक लय कामाचं हाय तुमचं," म्हणायचे. कोणाच्या कामाचं, हे विचारायची सोय नव्हती.

आणे जाऊन नवे पैसे आले त्या सुमाराला मी लोणावळ्यात नगरपालिकेत कारकुनी करत होतो आणि नाना माझे शेजारी होते. मूळचे कामशेतकडचे. गणपतीच्या आधीचे चार महिने शाडूच्या मूर्ती करायचे आणि उरलेले आठ महिने त्याच शाडूची माणसं. कोणाचं लग्न असो, बदली असो, नाना न बोलावता जायचे आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली वीतभर बाहुली हातात ठेवायचे. बाहुली त्याच माणसाची, फक्त त्याच्यात जे काही वावगं असेल ते दुप्पट. निवृत्त होणाऱ्या हेडमास्तरांना एवढं पोट दिलं की पायांना माती उरली नाही. चिक्कीवाल्या शेटजींना सुपाएवढे कान दिले. शेटजी पुढे पंधरा दिवस टोपी कानांवर ओढून दुकानात बसत होते.

लोक नानांवर चिडत नसत, माझ्यावर चिडत. "शेजाऱ्याला आवरा तुमच्या!" दिवसभर मी पाणीपट्टीच्या तक्रारी ऐकायचो आणि घरी आलो की नाकाकानांच्या. माझी बाहुली झाली तिचं नाक होतं तेवढंच राहिलं, खांदे मात्र गुडघ्यांपर्यंत उतरले होते. हिने ती कौतुकाने कोनाड्यात ठेवली आणि म्हणाली, "अगदी हुबेहूब हो!" वाद घालायचं मी तोवर सोडून दिलं होतं.

नानांचं ठरलेलं उत्तर असे. "मी पदरचं काय घालत न्हाई. दिसतं त्येच करतो."

बायको लवकर गेलेली. घरात एकुलती एक मुलगी, कुसुम. पोर गुणाची, माती मळण्यापासून नानांच्या जेवणापर्यंत सगळं बघायची. डावा डोळा मात्र चांगलाच तिरळा. तेवढ्यावरून तीन स्थळं परत गेली होती. गावभर बाहुल्या वाटणाऱ्या नानांनी कुसुमची बाहुली कधी केली नाही. आम्ही काय ते समजून होतो. तीही समजून होती आणि ते तिला फार लागत होतं. एकदा हिच्यापाशी म्हणाली, "काकी, नानांना माजं त्वांड करायची लाज वाटती."

चौथं स्थळ कामशेतच्या एका तांदळाच्या व्यापाऱ्याकडचं आलं. मुलाने कुसुमला पसंत केलं. मध्यस्थ अर्थातच मी, कारण नाही म्हणायलाही अंगात त्राण लागतं. मी नानांना एकच अट घातली, व्याह्यांची बाहुली करायची नाही. नानांनी गळ्याला हात लावून शपथ घेतली.

साखरपुड्यात नानांच्या कोटातून वर्तमानपत्राची पुडी निघालीच. व्याह्यांच्या मिशा बाहुलीच्या खांद्यावरून पाठीवर उतरल्या होत्या. मी डोळे मिटून घेतले. व्याही बराच वेळ बाहुलीकडे बघत राहिले. मग ओरडले, "आरं, ह्यो तर माजा बा!" आणि पोट धरून हसत सुटले. आपण वडिलांसारखे दिसतो हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं म्हणे. मी घाम पुसला आणि पेढा न खाताच भिंतीला टेकून बसलो.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी वाजंत्र्यांचं विचारायला मी नानांच्या कारखान्यात गेलो. कुसुम रडत होती.

"साऱ्या लोणावळ्याची केली, नाना. मी चालले, तरी माजी न्हाई. माजा डोळा वाकडा म्हनूनच ना?"

नाना उठले, फळीमागे हात घालून एकेक बाहुली काढत गेले आणि तिच्यापुढे मांडत गेले. परकरातली कुसुम, दोन वेण्यांची कुसुम, माती मळणारी कुसुम, पहिल्यांदा साडी नेसलेली कुसुम. पाऊणशे माणसांची चेष्टा केलेल्या त्या हातांनी इथे कसलीच चेष्टा केली नव्हती. एकजात साध्या, सुबक मुली, आणि सगळ्यांची नजर सरळ.

"दरसाली एक करतो," नाना ओशाळून म्हणाले. "जमतच न्हाई. कुनाचं नाक दिसतं, कुनाचं प्वाट. तुज्यात मोटं काय करू? काईच घावत न्हाई. नुसत्या बाहुल्या हुत्यात. असली फसल्याली चीज पोरीला कशी द्यायची?"

"आन् डोळा?" कुसुम म्हणाली.

नाना तिच्या तोंडाकडे नीट बघत राहिले. ज्याच्या नजरेतून सबंध गावात कोणाचं काही सुटलं नव्हतं, तो माणूस खरोखरच गोंधळला होता. अकरा वर्षं शेजारी राहून मी सांगतो, ते सोंग नव्हतं.

"कंचा डोळा?" नानांनी विचारलं.