मुळे गुरुजींचा तिसावा गडी

दुपारी दोनच्या ठोक्याला मुळे गुरुजी युद्धाला बसायचे. वय ब्याऐंशी. आधी डोक्यावर पांढरी टोपी चढवायचे, मग चष्मा पुसायचे, मग टीव्हीसमोरच्या लाकडी खुर्चीत ताठ बसून सैन्याची हजेरी घ्यायचे. हजेरी संपली की आमच्या गल्लीतल्या खिडक्यांच्या काचा थरथरायला लागायच्या. आत गिटार किंचाळायची, ढोल फुटायचे, कोणीतरी परक्या भाषेत घसा फाडून ओरडायचा. या सगळ्याच्या वर गुरुजींचा आवाज यायचा, "गोंगाट करा, पण रांगेत करा!"

तिसगावात हे घर शोधायला पत्ता लागायचा नाही. मला तर मुळीच नाही, कारण मी समोरच राहतो. खाली माझं जुन्या वस्तूंचं दुकान आणि वर घर. आणि गुरुजींच्या हातात ते यंत्र दिलं कोणी, असं विचाराल तर मीच दिलं. सूड म्हणून दिलं. तो सूड मग रोज दोन ते चार माझ्याच कानात वाजत राहिला.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगतो, म्हणजे चूक कोणाची ते कळेल. मी भाव करणारा माणूस आहे. फ्रीजची मोटर नुसत्या आवाजावरून ओळखतो आणि गिऱ्हाइकाची गरज त्याच्या चालण्यावरून. राग मात्र नाकावर. एकदा एका गिऱ्हाइकावर चिडून मी धाडकन शटर ओढलं आणि कुलूप दाबलं, तेव्हा लक्षात आलं की किल्ली आत आहे, गिऱ्हाईकही आत आहे आणि बाहेर फक्त मी आहे.

गुरुजींवरचा माझा राग चाळीस वर्षांचा. सातवी ब, वर्गात आम्ही तीस जण. मी दप्तरात पेनच्या रिफिली ठेवायचो आणि ज्याची ऐन पेपरात संपेल त्याला दुप्पट भावानं विकायचो. गुरुजींनी एकदा पकडलं. "अंकुश, बाहेर उभा राहा." राहिलो. तास संपला, मधली सुट्टी झाली, कोणी आत बोलावलं नाही. त्या दिवशी गावचा बाजार होता. मी शाळेच्या पायऱ्या उतरलो, बाजारात गेलो आणि तिथून मामाच्या भंगाराच्या टेम्पोवर चढलो. शाळेत परत गेलोच नाही.

तेव्हापासून भेटेल त्याला मी सांगत आलो, "आपल्याला गुरुजींनी वर्गाबाहेर काढलं, नाहीतर आज कलेक्टर असतो."

माझी बायको सुनीता हे ऐकून ऐकून कंटाळली. "व्हय व्हय, कलेक्टर!" ती म्हणते. "सातचा पाढा म्हना बरं आधी."

सातचा पाढा मला येत नाही. पण मुद्दा तो नाही.

धंद्यात जम बसल्यावर मी मुद्दाम गुरुजींच्या समोरची जागा घेतली. त्यांना रोज उठून माझी पाटी दिसावी म्हणून. शिवाय एक पण केला. गुरुजींचा उंबरा ओलांडायचा नाही. तुम्ही मला बाहेर काढलंत ना, मग मी बाहेरच. काही काम निघालं तर दारात उभं राहून बोलायचं. गुरुजी दर वेळी म्हणायचे, "आत ये, बस." मी म्हणायचो, "नको, इथंच बरंय." माझ्या या बाणेदारपणाची गुरुजींनी दखल घेतल्याचं वीस वर्षांत एकदाही दिसलं नाही.

गेल्या वर्षी गुरुजींची बायको, आमच्या काकू, गेल्या. महिन्याभरानं गुरुजी दुकानात आले. "अंकुश, एखादा टेपरेकॉर्डर आहे का? घरात काहीतरी वाजत असावं, एवढंच."

टेपरेकॉर्डर नव्हता. होतं ते नगरच्या एका बंद पडलेल्या गेम पार्लरमधून लॉटात आलेलं यंत्र. टीव्हीला जोडायचं, हातात बटणांचा ठोकळा धरायचा आणि खेळायचं. त्याच्यासोबत एकच खेळ होता. मी तो दुकानात लावून बघितला तेव्हा सुनीता वरून लाटणं घेऊन धावत खाली आली होती, खाली मारामारी लागली म्हणून.

"हे घेऊन जा गुरुजी," मी म्हणालो. "यात वाद्यं लई भारी वाजतात."

खोटं बोललो नाही. वाद्यं खरोखरच भारी वाजतात. मी सांगितला तो भाव गुरुजींनी दिला, घासाघीस केलीच नाही. मला जन्मात इतका अपमान वाटला नव्हता.

आता गुरुजी कानावर हात ठेवून यंत्र परत करायला येणार होते आणि मी गल्ल्यावर बसून म्हणणार होतो, "गुरुजी, बाहेर उभे राहा." हे वाक्य मी आठवडाभर आरशासमोर घोळवलं. गुरुजी आले नाहीत. यायला लागला तो आवाज.

पंधरा दिवसांनी शेजारचे रफिकभाई टेलर दुकानात येऊन बसले. "अंकुशशेठ, ते मशीन तुम्ही दिलंय म्हणे. माझा पाय आता त्याच्या ढोलावर चालतो. काल एका सदऱ्याला तिसरी बाही लावत होतो."

"मग सांगा ना त्यांना."

"मी? माझ्या तिन्ही पोरांना त्यांनी शिकवलंय. तुम्हीच जा. तुमचं तर भांडणच आहे, आयतं."

गेलो. दारात उभा राहिलो आणि ओरडलो, "गुरुजी, हा काय प्रकार आहे?"

"अरे, सोपा आहे," गुरुजी फळ्यासमोर उभं राहिल्यासारखे सांगायला लागले. खेळासोबतचं इंग्रजी पुस्तक त्यांनी शब्दकोश घेऊन पाठ केलं होतं. त्यातल्या चुका लाल पेनानं दुरुस्तही केल्या होत्या. "हा आपला सेनापती." पडद्यावर कमरेपर्यंत केस वाढवलेला, काळ्या चामड्याचं जाकीट घातलेला एक धिप्पाड माणूस गिटार घेऊन उभा होता. "हा तारा छेडतो तेव्हा विजा पडतात. ही आपली पलटण. यांचं हत्यार म्हणजे यांचं डोकं. ते गदागदा हलवत जातात आणि समोरच्याला ढुशी देतात. आणि तो शत्रू."

शत्रू म्हणजे करड्या कोटातली गप्प माणसं. ती ज्या कर्ण्याला हात लावतील तो कायमचा मुका होतो. डोंगरावर त्यांचा मनोरा आहे. त्या मनोऱ्यानं सगळं जग शांत करून टाकलंय. तो पाडायचा, एवढाच खेळ.

चौतीस वर्षं ज्या माणसानं वर्गात "शांत बसा" याशिवाय काही सांगितलं नाही, तो आता शांततेविरुद्ध लढत होता. मी हे बोलून दाखवलं. गुरुजी हसले नाहीत.

"तेव्हा घरी गेल्यावर बोलायला माणूस होतं," ते म्हणाले आणि पुन्हा बटणं दाबायला लागले.

त्यांची लढायची पद्धत कोणत्याही सेनापतीला झेपणारी नव्हती. पलटण उंचीप्रमाणे उभी. डोकी हलवायची तीही एका तालात. ऐन धुमश्चक्रीत ते खेळ थांबवत, कारण पाणी प्यायची सुट्टी झाली. गडी पडला तर "मेला" म्हणायचं नाही. समोरच्या वहीत लिहायचं, "गैरहजर. कारण, अंगावर वीज पडली." पुढच्या डावात तो गडी उठून उभा राहिला की त्याला दम, "काल कुठं होतास?"

एकदा मी दारातून म्हणालो, "गुरुजी, मधला रस्ता कशाला घेताय? डावीकडं ओढा हाय, तिकडून घुसा. ते कोटवाले ओढ्यात उतरत न्हाईत."

गुरुजींनी तसं केलं आणि मैदान मारलं. त्यानंतर रोज दोनला मी दुकान सुनीताच्या ताब्यात देऊन समोरच्या दारात दिसायला लागलो. "तक्रार करायला चाललोय," असं सांगून. ती नुसती बघायची. चार महिने रोज तक्रार करणारा मी या गावातला पहिलाच असेन.

चार महिने, कारण गुरुजी शेवटच्या लढाईत अडकले होते. तिथं एक भला मोठा कर्णा गाड्यावर चढवून डोंगरावर ढकलत न्यायचा असतो. गाडा अर्ध्यावर जायचा, थरथरायचा आणि गडगडत खाली यायचा. रोज. "उद्या बघू," गुरुजी म्हणायचे आणि बराच वेळ बंद टीव्हीकडे बघत बसायचे. गाडा का घसरतो ते दारातून मला कळत नव्हतं. मनोऱ्यावर लक्ष ठेवायच्या नादात मी पलटणीकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं.

गेल्या गुरुवारी गुरुजींनी दुकानात येऊन सांगितलं, "मुलगी नाशिकला घेऊन चाललीय मला. सोमवारी निघायचं. तिच्या फ्लॅटमध्ये हा गोंगाट चालायचा नाही. यंत्र परत घेशील का? पण आज शेवटचा डाव खेळतो. एकदा तो मनोरा पडलेला बघायचाय."

मी मनात सौदा ठरवला. यंत्र घेईन, मागतील त्या भावानं घेईन, पण एक अट. गुरुजींनी म्हणायचं, "अंकुश, तुला बाहेर काढलं ही माझी चूक." चाळीस वर्षांचा माल एवढ्यात सुटत असेल तर महाग नव्हता.

दोन वाजता दारात उभा राहिलो. टोपी, चष्मा, वही. गुरुजींनी हजेरी सुरू केली आणि त्या दिवशी यंत्र नेण्याआधी ते ठीकठाक आहे का म्हणून मी पहिल्यांदा पडद्यावरच्या माणसांकडे नीट पाहिलं. प्रत्येकाच्या डोक्यावर गुरुजींनी दिलेलं नाव इंग्रजीत, बारीक अक्षरात होतं. पोपट. शकील. दत्तू. हजेरीतली ही नावं मी महिनोन्महिने ऐकत होतो, पण गावात पोपट आणि दत्तू काय कमी आहेत? आता रांगेत पाहिल्यावर उजेड पडला. सातवी ब. ओळीनं सगळे.

ते गाड्याला भिडले. गाडा अर्ध्यावर गेला आणि थरथरायला लागला. मी ढकलणारे मोजले. एकोणतीस.

तिसावा खाली फाटकाशी होता. पोट सुटलेला, झिपऱ्या केसांचा एकटाच गडी, हाताची घडी घालून उभा. डोक्यावर नाव होतं, अंकुश. हजेरीत हे नाव गुरुजींनी कधी पुकारलंच नव्हतं.

माझं डोकं फिरलं. "गुरुजी! हितंबी मला बाहेरच उभा केला व्हय? चाळीस वर्षं झाली, अजून शिक्षा संपली न्हाई माझी? सगळा वर्ग डोंगरावर आन् मी दाराशी!"

गुरुजींनी एक बटण दाबलं. सगळं जागच्या जागी थांबलं. घर इतकं शांत झालं की रफिकभाईंचं मशीन ऐकू यायला लागलं.

"नीट बघ," गुरुजी म्हणाले. "तू फाटकाच्या आत आहेस."

पाहिलं. आतच होता.

"मग सोडा की बाहेर! तीस लागतात गाड्याला. एका माणसापायी चार महिने हरताय."

"माहीत आहे मला. पुस्तकात लिहिलंय."

"मग?"

"एकदा काढलं होतं तुला बाहेर," गुरुजी ठोकळ्याकडे बघत म्हणाले. "परत आला नाहीस."

मी पुन्हा पडद्यावरच्या फाटकाकडे पाहिलं.

"त्या दिवशी तपासणीला साहेब आले आणि मी तुला विसरलो. सुट्टीनंतर धावत बाहेर आलो तर पायरीवर तुझी एक रिफिल पडली होती. दोनदा तुझ्या घरी गेलो. वडील म्हणाले, मामाकडं आहे, कमावतोय, शाळेचं नाव काढू नका. चूकच झाली ती."

माझ्या वडिलांनी यातलं एक अक्षर मला कधी सांगितलं नव्हतं. आपण मागायच्या आत समोरच्यानं मागणीपेक्षा जास्त दिलं तर काय करायचं, हे मला धंद्यात कोणी शिकवलेलं नाही. मी चौकट धरून उभा राहिलो.

"पाठवा गुरुजी," शेवटी म्हणालो.

"नको."

"पाठवा म्हनतो ना. येतो परत."

"नक्की?"

"एकच भाव. येतो."

गुरुजींनी बटण दाबलं. तो ढेरपोट्या गडी फाटकातून सुटला आणि केस उडवत, धापा टाकत डोंगर चढायला लागला. गाड्याला भिडला. गाडा हलला. मी दारातून ओरडत होतो, "लाव जोर, जाड्या! लाव!" रफिकभाई खिडकीतून डोकावत होते, सुनीता दुकान सोडून रस्त्यावर आली होती. गाडा माथ्यावर पोचला, कर्णा वाजला आणि मनोऱ्याला भेग पडली. त्याच क्षणी डोळे पुसायला गुरुजींनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय गुरुजींना टीव्ही कोणता आणि खिडकी कोणती हेही कळत नाही.

मनोरा कोसळला. सगळे गडी बाजूला उड्या मारून वाचले. तो ढेरपोट्या मात्र सर्वांत पुढं, शेवटपर्यंत डोकं हलवत उभा होता. सगळा मनोरा त्याच्यावर आला. धूळ खाली बसली तेव्हा पडद्यावर एकोणतीस जण नाचत होते.

गुरुजींनी वही उघडली. दिसत तर काही नव्हतं, पाठच होतं सगळं. "पोपट." पोपट नाचत होता. "हजर," मी म्हणालो. "शकील." "हजर." असं करत करत ते खाली आले आणि थांबले. पेन वहीवर टेकलेलं.

"अंकुश?"

मी गिऱ्हाइकांना आयुष्यभर पुष्कळ काही सांगितलंय. बंद पंखा चालू आहे म्हणून, सातवा मालक पहिला आहे म्हणून. तेव्हा मात्र मी चपला काढल्या, उंबरा ओलांडला आणि गुरुजींच्या खुर्चीशेजारी जाऊन उभा राहिलो.

"हजर," म्हणालो.

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. वहीत एक खूण केली.

"बस मग," ते म्हणाले. "केव्हाचा दारात उभा राहून वारा अडवतोयस."

मी बसलो.